घोंगडीखालचं दव

माणसं पायी यात्रेला जायची, तेव्हाची ही गोष्ट. हिमालयात, बर्फ वितळून दलदल होते तिथे, निळ्या फुलांची रानटी आयरिस राहायची. माणदेशच्या गेनू माळ्याला ती इतकी आवडली, की त्याने तिचा कंद धोतराच्या सोग्यात बांधून आणला आणि आपल्या बागेत लावला.

शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. हिरवीगार पाती आली, पण फूल काही येईना.

"एवढे लाड होतात, मग फुलत का नाहीस?" शेजारचा झेंडू करवादला.

"बर्फाची वाट बघतेय," आयरिस म्हणाली. "तिकडे तो महिनोन् महिने अंगावर बसायचा. तो उठून गेला, की मी फुलायचे."

"इथं कुठला बर्फ, बाई! पौषात चार दिवस थंडी पडते, तेवढीच."

"तेवढीही चालेल."

वर्षभर ती पौषाची वाट बघत राहिली. थंडी पडली, आणि पहिल्याच संध्याकाळी गेनू आपली घोंगडी घेऊन आला. "लेकराला गारठा बाधायचा," म्हणत त्याने ती आयरिसवर नीट पांघरली आणि स्वतः कुडकुडत घरी गेला.

सकाळी त्याची बायको सारजाही बागेत आली. घोंगडी उचलली, तर पात्यांवर थेंब.

"दव पडलंय," गेनू म्हणाला.

"घोंगडीखाली?"

सारजा मूळची समुद्राकाठची. लग्न होऊन या कोरड्या मुलखात आली, त्याला तीस वर्षं झाली होती. तिने घोंगडी झटकली आणि गेनूच्या खांद्यावर टाकली.

"आजपासून ही तुमीच पांघरा."