भिवरा लोहारणीनं पाहिलेला बहर

एका राज्यात, राजाच्या बागेत, सोनचाफ्याचं एक झाड होतं. रीत अशी, की पहिली कळी उमलायच्या आत तोडायची नि राजाच्या मुंडाशात खोवायची. एका वर्षी झाडाची राखणदार चेटकीण या रीतीवर संतापली. राजमाळी रायाजीनं कळीला हात लावला, तोच तो जागीच खिळला नि त्याच्या पायांना झाडाची साल फुटली. रोज वीतभर चढत ती गळ्याशी आली.

रायाजीची बायको भिवरा लोहारकाम करी. तिचा घण ऐरणीवर पडला, की वेस दणाणे! पण बागकामात अगदी ढ. तिच्या हातून अंगणातली तुळससुद्धा कधी जगली नाही.

एके सकाळी भारद्वाज पक्षी तिच्या दारी येऊन बोलला, "बाई, आज चाफा पुरता फुललाय. सूर्य मावळेपर्यंत जो त्याच्याकडे नुसता पाहील, तोच शाप मोडील. फूल घेऊ नये, वर मागू नये, नजर हलवू नये. नाहीतर मावळतीला साल रायाजीचं तोंड मिटवील."

"इतके माळी असताना माझ्याकडे का आलास?"

"पहाटेपासून सात माळी येऊन गेले. कुणाला कीड दिसली, कुणाला वाळकी फांदी. बहर एकालाही दिसला नाही."

भिवरा झाडासमोर उभी राहिली. पहिल्या प्रहरी फांदी तिच्या अंबाड्याशी वाकली. चाफा म्हणाला, "मला माळ."

"तू तिथंच शोभतोस," भिवरा म्हणाली.

दुपारी चेटकीण आली. "माग, सोन्याची ऐरण देते."

"तिच्यावर काय लाडू वळू?" भिवरेनं मानही वळवली नाही.

उन्हं कलली, तसा तिच्या मागून रायाजी कळवळला, "भिवरे, शेवटचं माझ्याकडे बघ गं!"

तिच्या काळजाचं पाणी झालं. डोळे वाहू लागले, पण फुलांवरून हलले नाहीत. "धनी, थोडं थांबा. काय देखणं झाड वाढवलंत हो! बारा वर्षं संसार केला, पण तुमचं काम मी आज पाहिलं."

सूर्य बुडाला. साल गळून पडली. रायाजी हातपाय झाडत मोकळा झाला नि लहान पोरासारखा रडला.

राजा दरबाऱ्यांसह धावत आला. त्यानं वर बघितलं आणि आपणहून मुंडासं उतरवलं. "एवढी वर्षं मी एक कळीच पाहत होतो. हे झाड वाढवलं कुणी?"

त्या राज्यात बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. भिवरेनं पदर खोचला आणि सगळ्या दरबारादेखत खणखणीत सांगितलं, "माझ्या रायाजीनं!"