झेंडूच्या माळेवर उभे राहिलेले शटर

एकदा एका शिष्याने गुरूचे घर सोडायचे ठरवले, आणि नेमके त्याच सकाळी शेजारच्या गॅरेजचे शटर उघडेना.

गुरू म्हणजे गावातले वृद्ध वैद्य. हा शिष्य त्यांच्याकडे आला तो आधी तबला अर्धा टाकून आणि मग वकिली अर्धी टाकून. बुद्धीने तल्लख, हाताला गुण, पण बूड स्थिर नाही. नाडीवर बोट ठेवताच त्याचे निदान तयार असे. रोगी आपले दुखणे सांगत असतानाच याचे औषध पुडीत बांधून होई. मधल्या काळात डोंगरावरच्या एका मोठ्या आरोग्यनिवासाने त्याला बोलावणे पाठवले. तिथे पांढरा अंगरखा होता, राहायला बंगली होती आणि नावापुढे वैद्यराज लागणार होते. त्याने गुरूंकडे निरोप मागितला. गुरू म्हणाले, "अजून नाही." त्याने पुन्हा मागितला, वाद घातला, रुसून एक वेळ जेवला नाही. उत्तर तेच आले आणि कारण काही आले नाही. तेव्हा मात्र त्याचे डोके फिरले. म्हातारपणी माणसाला शिष्य सोडवत नाही, फुकटचा हात जातो ना, असेही त्याच्या मनात येऊन गेले. असे विचार मनात आले की ते लवकर बाहेर जात नाहीत, हे आपण सगळेच जाणतो.

त्याने दसऱ्याचा मुहूर्त धरला. सीमोल्लंघनाचा दिवस, त्या दिवशी कोण कोणाला अडवणार? शेजारचा किराणा व्यापारी त्या सकाळी आपल्या आईला आणायला शहरात निघणार होता. तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि दसऱ्याला घरी येऊन नातवंडांची तोंडे नीट पाहायची असे तिने मनाशी धरले होते. वाटेत स्टेशनवर सोडतो, असे व्यापाऱ्याने शिष्याला कबूल केले होते. शिष्याने बॅग भरली, दवाखान्याच्या पायरीवर ठेवली, आणि गुरूंना नमस्कार न करताच गॅरेजपाशी जाऊन उभा राहिला.

तिथे व्यापारी शटरशी झुंजत होता. किल्ली कुलपात जाई, पण फिरत नसे. त्याने दोन्ही हातांनी शटर वर ओढून धरले आणि शिष्याला किल्ली फिरवायला सांगितले. किल्ली वाकायची तेवढी राहिली. मग अदलाबदल केली, तरी तेच. शिष्याने क्षणाचाही विलंब न लावता निदान केले की कुलपाला गंज धरला आहे. दवाखान्यातून त्याने सांधेदुखीच्या तेलाची बाटली आणली आणि ती सगळी कुलपात ओतली. सांधा धरला की तेल, मग तो गुडघ्याचा असो की शटरचा. तेल फरशीवर ओघळले, दोघांचेही हात बुळबुळीत झाले आणि शटर ढिम्म हलले नाही. व्यापाऱ्याने त्यावर एक लाथ मारली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी वेल्डरला बोलावून कुलूप कापून काढू, असे म्हणून त्याने खिशातून फोन काढला.

गलका ऐकून वृद्ध वैद्य काठी टेकत बाहेर आले. शिष्याने मान फिरवली. वैद्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी व्यापाऱ्याकडून एक स्टूल मागवले आणि रोग्यासमोर बसावे तसे ते शटरसमोर बसले. आधी नुसते पाहत राहिले. मग त्यांनी शटरच्या पत्र्यावर तळहात ठेवला, कुलपावर ठेवला, बाजूच्या खाचांवरून बोटे फिरवली. व्यापारी घड्याळ पाहत होता आणि शिष्य मनातल्या मनात चरफडत होता. दर्शन झाले, स्पर्शन झाले, आता प्रश्न विचारतील, असे त्याने ओळखले, आणि तसेच झाले.

काल शटर कोणी बंद केले, असे त्यांनी विचारले. व्यापारी म्हणाला, मीच. नेहमीसारखेच बंद झाले का? तर नाही. काल खंडेनवमी होती. गाडीची पूजा झाली, गाडीला हार घातला, आणि शटरवरही झेंडूची चांगली मनगटाएवढी माळ लावली. शटर खाली ओढताना ती माळ सुटून खालच्या पट्टीखाली आली. काढायचा कंटाळा केला. शटर पूर्ण बसेना म्हणून पट्टीवर पाय देऊन जोराने दाबले आणि तशीच किल्ली फिरवली. गल्लीतली एक मोटारसायकल नुकतीच चोरीला गेली होती, त्यामुळे कुलूप लागल्याची खात्री पुन्हा ओढून करून घेतली.

वैद्य उठले. शटरच्या खालच्या कडेतून चिरडलेल्या पिवळ्या पाकळ्या डोकावत होत्या, त्या त्यांनी वाकून पाहिल्या. मग त्यांनी शटरला हात जोडून नमस्कार केला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, या पट्टीवर उभे राहा. सगळा भार द्या."

व्यापारी गोंधळला. शटर वर न्यायचे आहे, असे त्याने नम्रपणे सुचवून पाहिले. म्हातारपणाने आता बुद्धीवरही हात टाकला, असे शिष्याला वाटले. पण वैद्यांचा शब्द मोडण्याची गावात रीत नव्हती. व्यापारी चपला काढून पट्टीवर चढला. देह भरदार, त्यामुळे भारही भरपूर पडला. शटर बोटभर खाली बसले. वैद्यांनी शिष्याला खुणेने किल्ली फिरवायला सांगितले. त्याने नाइलाजाने हात लावला, आणि किल्ली अलगद फिरली. व्यापारी खाली उतरताच शटर आपणहून हातभर वर आले.

 व्यापारी म्हणाला, की इतका वेळ उगाच ओढाताण केली, हे शटर मेले बिघडलेच होते.

"बिघडलं नव्हतं शेठ," वैद्य म्हणाले. "माळेने ते खालून उचलून धरलं होतं, म्हणून त्याच्या कड्या दोन्ही बाजूंच्या भोकांत घट्ट अडकल्या. तुम्ही वर ओढलंत तशा त्या आणखी अडकल्या. पण त्याचा काय दोष? काल तुम्हीच त्याला पाय देऊन बजावलंत, की कोणी कितीही ओढलं तरी उघडायचं नाही. त्याने ते रात्रभर पाळलं. सकाळी तुम्ही आलात आणि चोर ओढतो तसंच ओढलंत. त्याने मालक कसा ओळखावा? ज्याने आपलं सांगणं पाळलं, त्याला आज लाथ मिळाली. गाडीची पूजा झाली, या राखणदाराला नुसती माळ लावलीत, नमस्कार राहिला."

व्यापारी ओशाळला. त्याने शटर कमरेपर्यंत वर केले, आत वाकून गाडीच्या हारातले एक फूल काढून कुलपावर ठेवले, आणि ज्या जागी लाथ मारली होती तिथे हाताने पुसले. मग शटर पुरते वर सारून तो घाईने गाडी काढायला आत गेला.

शिष्य मात्र किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता. त्याला एक सकाळ आठवली होती. दवाखान्याच्या पायरीवर, याच गुरूंच्या पायांशी बसून तो म्हणाला होता: माझा स्वभाव धरसोडीचा आहे. मी हेही अर्धं टाकून जाईन म्हणेन. तेव्हा मी वाद घालीन, रागावेन, रुसेन. पण विद्या पुरी होईपर्यंत मला जाऊ देऊ नका. एवढं माझ्यासाठी करा. तेव्हा गुरूंनी फक्त मान हलवली होती. मागणे मागणारा विसरला आणि मान हलवणाऱ्याने ते सांभाळले. त्यासाठी म्हाताऱ्याने काय काय सोसले, शिष्याचा राग, त्याचे उलटे बोलणे, आणि जे तो बोलला नव्हता पण चेहऱ्यावर दिसत होते तेही. त्याचे डोळे भरून आले.

"तुम्ही मला आठवण का नाही करून दिलीत?" त्याने विचारले.

"तू ओढत होतास," गुरू म्हणाले. "ओढणाऱ्यासमोर कडी सरकत नाही. आता ओढणं थांबलं आहे. तुझा शब्द मी तुला परत दिला. जायचं असेल तर जा, दार उघडं आहे, माझा आशीर्वाद आहे."

गाडी बाहेर आली. व्यापाऱ्याने शिष्यासाठी पुढचे दार उघडून धरले. शिष्याने त्याच्या आईला नमस्कार सांगितला, डोळ्यांना धूळ लागू देऊ नका असे बजावले, आणि दार हळूच लावून घेतले. मग त्याने अंगणातल्या आपट्याची दोन पाने तोडली आणि गुरूंच्या हातात ठेवून त्यांच्या पायांवर डोके टेकले. सकाळी राहून गेलेला नमस्कार तो हाच. ज्या हाताला आपण इतके दिवस अडसर समजलो तो डोक्यावर किती हलका आहे, हे त्याला आज कळले.

गुरूंनी पाने उपरण्यात बांधली. मग म्हणाले, "सांधेदुखीचं तेल सगळं कुलपात गेलं. कोपऱ्यावरच्या आजी संध्याकाळी मागायला येतील. नवं सिद्ध करायला घे, आणि आच मंद ठेव."

शिष्य हसला. त्याने पायरीवरची बॅग उचलली आणि उंबरा ओलांडून आत गेला.

आपल्याला ज्यांनी ज्यांनी अडवले, त्यांतल्या कितीजणांना ती राखण आपणच सांगितली होती, हे दसऱ्याच्या दिवशी तरी एकदा आठवून पाहावे.