घोटभर घेणारी पाहुणी

शेंगांच्या राज्यात अन्नाला तोटा नव्हता, आणि पाहुणा पारखायची रीत एकच होती. सोंड खुपसून ठाण मांडतो तो चोर, घोटभर घेऊन उठतो तो सज्जन. मावा कुळातली एक पंखवाली पाहुणी अशीच सज्जन होती. पानाला सोंड लावायची, चव घ्यायची, "पुरे झालं, बाई" म्हणायची आणि शेजारच्या घरी जायची.

चवळीच्या वेलीला तिचं भारी कौतुक. चवळीला पहिलीच शेंग धरली होती आणि ती पिकलेली पाहावी, एवढंच तिचं मागणं होतं. पाहुणी दिसली की ती आपला कोवळा शेंडा पुढे करायची.

मग पिवळं दुखणं आलं. वाटाण्याची पानं आक्रसली, वाल उभ्या उभ्या वठला. हे देठांवर ठाण मांडून बसलेल्या माव्यांचंच काम, असं चवळीनं ठणकावलं आणि मावे खाणाऱ्या ढालकिड्यांना बोलावणं धाडलं. ढालकिड्यांनी देठादेठावरचे मावे पोराबाळांसकट फाडून खाल्ले. खोडांवरून हिरवं रक्त ओघळलं. चवळीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पाहुणीला मात्र तिनं आपल्या पानाखाली लपवलं होतं. बिचारीनं कुणाचं काय खाल्लं होतं?

दुखणं हटलं नाही. एका सकाळी शेजारच्या मटकीच्या पानांवर पिवळे ठिपके उमटले. दोघी एकाच सरीत वाढलेल्या, एकमेकींना जाऊबाई म्हणणाऱ्या.

"जाऊबाई," मटकी म्हणाली, "ती घोटभर घेणारी तुमच्याकडून उठून माझ्याकडे आली होती."

चोराच्या उलट्या बोंबा, असं चवळीला वाटलं. तिनं मटकीच्या गळ्याला विळखा घातला. दुसरा घातला. मटकीची साल फाटली, मुळं मातीतून वर आली.

"आधी आपली शेंग बघा," मटकी कशीबशी म्हणाली. चवळीनं तिसरा विळखा आवळला. मग मटकी काही बोलली नाही.

दमलेल्या चवळीनं शेंगेकडे पाहिलं. ती वाकडी झाली होती आणि तिच्यावर पिवळे ठिपके होते. चवळी ओरडली, पण ऐकायला सरीत कुणी उरलंच नव्हतं.

पानाखालून पाहुणी बाहेर आली. चवळीच्या शेंड्याला तिनं सोंड लावली, "पुरे झालं, बाई" म्हणाली आणि पंख उघडले.

बांधापलीकडे एका हिरव्यागार वेलीला पहिलीच शेंग धरली होती. पाहुणीला येताना पाहून तिनं आपला कोवळा शेंडा पुढे केला.