खूणदगड आणि अंबूबाईंची पन्हळ

फार वर्षं झाली. करंजखार गावात तेव्हा खाडीचं पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये एक मातीचा बांध होता, आणि गावात अंबूबाई नावाच्या मास्तरीण होत्या.

अंबूबाई भारी भित्र्या. पाटी पडली तरी दचकायच्या. पण शिकवायला लागल्या की भीती कुठे पळायची कोण जाणे. त्यांची शाळा देवळाच्या पडवीत भरायची, पण निम्मा दिवस पडवी रिकामी आणि पोरं बांधावर. गाठी मारलेल्या दोरीने ती भरतीचं पाणी मोजायची, बांधातली खेकड्यांची बिळं मोजायची आणि त्याच आकड्यांची वजाबाकी पाटीवर मांडायची. गाव हसायचं. "बाईंच्या शाळेत खेकडेसुद्धा पास होतात," असं म्हणायचं.

बांधावर एक खूणदगड होता. वाडवडिलांनी तो देवळाच्या पहिल्या पायरीच्या बरोबर उंचीला बसवला होता, हे पोरासोरांनाही पाठ होतं. दर वर्षी पावसाआधी गाव बांधावर माती टाकायचं, ती दगडाच्या माथ्याला लागली की टोपल्या खाली ठेवायचं.

एकदा बाईंनी पोरांना ते पाठ झालेलं वाक्यच तपासायला दिलं. उभा चिरलेला बांबू, म्हणजे पन्हळ, पायरीवर ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. पाणी दोन्ही टोकांशी सारखं भरेपर्यंत ती खालीवर केली, आणि काठावरून दगडाकडे नेम धरला. नेम दगडाच्या डोक्यावरून पार गेला. पायरी कातळात कोरलेली, ती हलणार कुठे? दगडच मातीबरोबर खचला होता. किती? दीड हात.

आपलंच काही चुकलं असेल, म्हणून बाईंनी तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा दीड हात. श्रावणी अमावास्येचं उधाण नऊ दिवसांवर होतं. बांध ओलांडून खारं पाणी आत आलं, की तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही.

बाई गावच्या खोतांकडे गेल्या खऱ्या, पण ओसरीपासून दोनदा मागे फिरल्या. शेवटी कसंबसं सांगितलं.

"बाई, तुम्ही पाढे शिकवा," भिवाखोत म्हणाले. "आमच्या पणजोबांच्या दगडाची परीक्षा घेऊ नका."

"माझं ऐकूच नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः बघा."

खोत कुरकुरत आले आणि पायरीवर गाल टेकून आडवे झाले. दगडाच्या माथ्यावर तानी नावाची सात वर्षांची मुलगी गाठी मारलेली काठी उभी धरून होती.

"ए पोरी, काठी सरळ धर."

"सरळच आहे, खोतदादा. दगड खाली गेलाय."

खोत बराच वेळ उठले नाहीत. उठले, तेव्हा गालाला पायरीची माती तशीच होती. ती न पुसताच त्यांनी टोपली मागवली.

आठ दिवस गाव राबलं. बिळं कुठे आहेत ते पोरं सांगायची, मोठी माणसं ती चिखलाने बुजवायची. नवव्या दिवशी भर दुपारी उधाण आलं. असं म्हणतात, की खाडी तेव्हा भिंतीसारखी उभी राहिली, आणि जन्मभर दचकणाऱ्या अंबूबाई बांधावर दोरी धरून उभ्या राहिल्या. असं म्हणतात, की पाणी दोरीची एकेक गाठ मोजत वर चढलं, शेवटच्या गाठीशी आलं, पोरांनी मोठ्याने आकडा म्हटला, आणि पाणी तो ऐकून मागे फिरलं.

मग गावाने नव्या उंचीवर दुसरा दगड बसवला आणि त्याला बाईंचं नाव द्यायचं ठरवलं. बाई पुन्हा घाबरल्या. "नाव द्या," म्हणाल्या, "पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दर वर्षी मोजा."

आजही दर वर्षी करंजखारच्या शाळेचा पहिला तास देवळाच्या पायरीवर होतो. सगळ्यांत लहान मूल गाल टेकून पन्हळीवरून बघतं, आणि अख्खं गाव गप्प उभं राहतं. मग ते मूल, कुणी हसेल का म्हणून जरा बिचकत, सांगतं, "अंबूबाई दोन बोटं खाली गेल्या."

आणि माणसं टोपल्या उचलतात.