लिंबाजीचा लांबलेला पहारा

धुंडीनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा पिंपळदरीच्या मारुतीच्या देवळात होता. सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. जमिनीला टेकली की सप्ताह मोडला. सकाळचा पहारा लिंबाजी शिंप्याचा. देह असा काटकुळा, की लिंबाजीने वीणा धरलीय की वीणेने लिंबाजीला, असा प्रश्न पडावा.

त्या दिवशी काल्याचे कीर्तनकार येणार म्हणून अख्खे गाव वाजतगाजत ओढ्यापलीकडे गेले. वीणा कोणीतरी घेईलच, असे प्रत्येकाला वाटले. तेवढ्यात डोंगरात पाऊस झाला आणि ओढ्याला पूर आला! गाव तिकडे, वीणा इकडे. देवळात उरले वयाने वाकलेले महाराज, लिंबाजी आणि बुंदीची राखण करणारा जोत्याजी पैलवान.

ऊन कलले. लिंबाजीचा खांदा भरून आला. "पैलवान, जरा घेता का?"

"हे तुणतुणं? अरे लिंब्या, मी बैल उचलतो!"

पैलवानाने बुंदीचे हात धोतराला पुसले, वीणा गळ्यात घातली, छाती फुगवली आणि मूठ अशी आवळली, जणू वीणा पळूनच जाणार होती. पहिल्या अभंगाला दंड थरथरले. दुसऱ्याला तो ओरडला, "धर, धर! पडतेय!"

लिंबाजीने झेप घेऊन ती टेकता टेकता सावरली. रडवेला होऊन म्हणाला, "महाराज, मी एकटा! सप्ताह मोडणार!"

महाराज हसले. "एकटा कुठला? मूठ सैल सोड. हलक्या कामाला देव सगळा देह एकदम जुंपत नाही, लेका. दंडातले थोडे तंतू धरतात, ते दमले की शेजारचे धरतात. आतसुद्धा पहारे लावलेत त्याने. तू नाव घे अन् डुलत राहा."

लिंबाजी डुलू लागला. आणि काय सांगावे! पैलवानाने डोळे चोळले. लिंबाजीच्या जागी वीणेकऱ्यांची रांगच उभी! एक वीणा देई, दुसरा घेई, पहिला खांबाला टेकून विसावा घेई. सगळ्यांचे तोंड लिंबाजीचे! फक्त रांगेच्या टोकाला एक सावळा उभा होता. त्याची पाळी काही येत नव्हती, पण तो हटतही नव्हता.

दिवेलागणीला पूर ओसरला. गाव धावत, धापा टाकत आले. वीणा खांद्यावरच होती!

पैलवान पुढे झाला. हात जोडू गेला, तर हात अजून वर येईनात. मग त्याने सरळ डोकेच लिंबाजीच्या पायांवर ठेवले.

"लिंबाजीबुवा," तो म्हणाला, "मूठ सैल कशी सोडायची, तेवढं शिकवा."