टिकलीची वाकडी पातोळी

फणसाच्या झाडाखाली होतं एक बीळ. बिळात राहायची एक उंदरीण. एवढीशी! कपाळावर काळा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली.

त्या दिवशी होती नागपंचमी. नीट ऐका हं, हे पुढे लागणार आहे. नागपंचमीला काही चिरायचं नाही. काही कापायचं नाही. पान तोडायचं नाही. तवा ठेवायचा नाही. फक्त उकडायचं! म्हणून करायच्या पातोळ्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ. पिठावर गूळ-खोबरं. पान मिटायचं आणि वाफेवर ठेवायचं. अहाहा!

टिकलीची आई दरवर्षी एक पातोळी करायची. वारुळापाशी नेऊन द्यायची. कुणाला? नागोबाला! नागोबा पातोळी जेवायचा आणि वर्षभर बिळाकडे फिरकायचा नाही. तसं ठरलेलंच होतं. पण पातोळी मिळाली नाही तर? दिवस मावळला की नागोबा बिळात. सळसळ सळसळ!

यंदा आईला पाच बाळं झाली होती. गुलाबी गुलाबी, डोळे मिटलेली. त्यांना सोडून आईला उठताच येईना.

"अगं बाई, आता पातोळी कोण करणार?" आई म्हणाली.

"मी!" टिकली म्हणाली.

"तू? तू तर कधी साधी पेजसुद्धा केली नाहीस."

"मग आज पातोळीच करते!"

काल तोडून ठेवलेलं हळदीचं पान होतं. एकच. टिकलीनं पीठ भिजवलं. गूळ-खोबरं कालवलं. पान धुतलं आणि वाळायला दगडावर ठेवलं. नुसतंच ठेवलं हो! पहिलीच वेळ ना तिची.

आला वारा. सूंऽऽ सूंऽऽ! पान उडालं. भिरभिर भिरभिर. आणि पडलं कुठे? करवंदीच्या जाळीत, काट्यांच्या मधोमध!

दुसरं पान तोडावं? छे! आज पान तोडायचं नाही.

टिकलीला रडू आलं. एक थेंब पडला, टप्प. मग तिनं नाक पुसलं. शेपटी ताठ केली.

"करणार म्हणजे करणारच!" म्हणाली आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

जाळीनं काटे घट्ट आवळून धरले होते. खस्स!

"जाळीकाकू, जाळीकाकू, माझं पान सोड!
पान सुटलं की पातोळी होईल,
पातोळी झाली की नागोबा जेवेल,
नागोबा जेवला की बाळं निजतील!"

जाळी म्हणाली, "एवढीशी तू, आणि पातोळी करणार? जा जा! ही शेळी मला घासतेय, माझे शेंडे खातेय. काटे सैल करू कशी? आधी शेळी बाजूला सरू दे."

"एवढीशी तर एवढीशी! करणार म्हणजे करणारच!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली शेळीकडे. शेळी जाळीला कान घासत होती. खसाखसा, खसाखसा.

"शेळीआत्या, शेळीआत्या, बाजूला सर!
शेळी सरली की जाळी पान सोडेल,
पान सुटलं की पातोळी होईल,
पातोळी झाली की नागोबा जेवेल,
नागोबा जेवला की बाळं निजतील!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! एवढीशी तू, आणि पातोळी करणार? जा जा! माझ्या कानात गोचीड बसलीय. अशी चावते, अशी चावते! घासू नको तर काय करू? आधी साळुंकी येऊन गोचीड काढू दे."

"एवढीशी तर एवढीशी! करणार म्हणजे करणारच!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली साळुंकीकडे. साळुंकी घरट्यात पंख पसरून बसली होती.

"साळुंकीताई, साळुंकीताई, गोचीड काढ!
गोचीड निघाली की शेळी सरेल,
शेळी सरली की जाळी पान सोडेल,
पान सुटलं की पातोळी होईल,
पातोळी झाली की नागोबा जेवेल,
नागोबा जेवला की बाळं निजतील!"

साळुंकी म्हणाली, "क्वीक क्वीक! एवढीशी तू, आणि पातोळी करणार? जा जा! माझं पिल्लू गारठलंय. त्याला टाकून येऊ कशी? आधी कोंबडीचं मऊ मऊ पीस आण."

"एवढीशी तर एवढीशी! करणार म्हणजे करणारच!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली कोंबडीकडे. कोंबडी तोंड फुगवून बसली होती. हो, चोच असली तरी फुगवता येतं तोंड. कोंबडीला येतं.

"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी, पीस दे!
पीस मिळालं की साळुंकी येईल,
साळुंकी आली की गोचीड निघेल,
गोचीड निघाली की शेळी सरेल,
शेळी सरली की जाळी पान सोडेल,
पान सुटलं की पातोळी होईल,
पातोळी झाली की नागोबा जेवेल,
नागोबा जेवला की बाळं निजतील!"

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक कॉक! एवढीशी तू, आणि पातोळी करणार? जा जा! माझे दाणे भिजले. सकाळपासून पोटात काही नाही, आणि म्हणे पीस दे! आधी चूल पेटू दे, दाणे वाळू दे."

"एवढीशी तर एवढीशी! करणार म्हणजे करणारच!"

उन्हं कलली होती. लांब वारुळातून आवाज आला. सळसळ. टिकलीनं कान टवकारले. पण थांबली का? मुळीच नाही. तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली परसातल्या चुलीकडे. चूल नुसती धुमसत होती. फुस्स फुस्स.

"चूलबाई, चूलबाई, पेट की गं!
चूल पेटली की दाणे वाळतील,
दाणे वाळले की पीस मिळेल,
पीस मिळालं की साळुंकी येईल,
साळुंकी आली की गोचीड निघेल,
गोचीड निघाली की शेळी सरेल,
शेळी सरली की जाळी पान सोडेल,
पान सुटलं की पातोळी होईल,
पातोळी झाली की नागोबा जेवेल,
नागोबा जेवला की बाळं निजतील!"

चूल म्हणाली, "फुस्स! एवढीशी तू, आणि पातोळी करणार? जा जा! माझी लाकडं ओली. जोराची फुंकर हवी."

टिकलीनं गाल फुगवले. फू! फू! फू! सगळी राख टिकलीच्याच नाकावर. हाऽऽक छी!

"तुझ्या फुंकरीनं माझी राखसुद्धा नीट उडत नाही," चूल म्हणाली. "वारा फुंकेल, तर पेटेन."

वारा? वारा तर समोरच होता. माडावर बसून झावळ्या हलवत होता आणि फिदीफिदी हसत होता.

आता मात्र टिकली तापली. दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ओरडली. तुम्हीही म्हणा तिच्याबरोबर, जोरात!

"वारादादा, वारादादा, फुंकर मार!
फुंकर मिळाली की चूल पेटेल,
चूल पेटली की दाणे वाळतील,
दाणे वाळले की पीस मिळेल,
पीस मिळालं की साळुंकी येईल,
साळुंकी आली की गोचीड निघेल,
गोचीड निघाली की शेळी सरेल,
शेळी सरली की जाळी पान सोडेल,
पान सुटलं की पातोळी होईल,
पातोळी झाली की नागोबा जेवेल,
नागोबा जेवला की बाळं निजतील!"

वारा म्हणाला, "सूंऽऽ! एवढीशी तू, आणि पातोळी करणार? जा जा! मी कुणाचं ऐकत नाही."

"पान उडवलंस तूच, आणि वर हसतोस?"

"उडवलं! मग? मला वाटलं तर तुलासुद्धा उडवीन!"

टिकलीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग गेली आणि चुलीच्या तोंडासमोर उभी राहिली. अगदी मधोमध. शेपटी ताठ!

"उडवून दाखव!" टिकली म्हणाली. "बघू तुझी ताकद!"

वाऱ्याला आला राग. वाऱ्यानं घेतला मोठ्ठा श्वास. आणि सूंऽऽऽऽऽऽऽ!

टिकली पटकन खाली बसली. वारा गेला डोक्यावरून, सरळ चुलीत. भक्क! चूल पेटली!

"अगं, फसवलंस की मला!" वारा म्हणाला.

"तू पान उडवलंस, मी फुंकर घेतली. फिट्टंफाट!"

मग काय विचारता!

चूल पेटली, दाणे वाळले.
दाणे वाळले, पीस मिळालं.
पीस मिळालं, साळुंकी आली.
साळुंकी आली, गोचीड निघाली.
गोचीड निघाली, शेळी सरली.
शेळी सरली, जाळीनं पान सोडलं.

पान आलं भिरभिरत टिकलीच्या हातात. टिकलीनं पानावर पीठ थापलं. एकीकडे जाड झालं, एकीकडे पातळ. असू दे! गूळ-खोबरं भरलं. जरा जास्तच भरलं. असू दे! पान मिटलं, चुलीवरच्या भांड्यात वाफेला ठेवलं, झाकण लावलं. खदखद खदखद. हळदीच्या पानाचा वास सुटला परसभर. कोंबडीनं मान वर केली. शेळीनं रवंथ थांबवला.

टिकलीनं झाकण काढलं.

पातोळी वाकडी झाली होती. एक कोपरा फुटला होता. गूळ बाहेर आला होता.

"ईऽऽ! वाकडी!" कोंबडी म्हणाली.

"वाकडी तर वाकडी!" टिकली म्हणाली. पातोळी डोक्यावर घेतली आणि निघाली वारुळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. दिवस मावळत आला होता.

सळसळ. नागोबा बाहेर आला. हा एवढा मोठा! फणा काढला. टिकलीनं पातोळी त्याच्यापुढे ठेवली. शेपटी मात्र ताठ.

नागोबानं पातोळीकडे पाहिलं. "तुझी आई कुठे आहे? ही पातोळी कुणी केली?"

"मी."

"वाकडी आहे."

"आहे."

"फुटली आहे."

"फुटली आहे! आणि एकीकडे जाड आहे, एकीकडे पातळ आहे! पण ऐक, नागोबा. वारा फुंकला, चूल पेटली, दाणे वाळले, पीस मिळालं, साळुंकी आली, गोचीड निघाली, शेळी सरली, जाळीनं पान सोडलं, तेव्हा कुठे झाली ही पातोळी. माझी पहिली आहे! खायची तर खा. नाही तर मीच खाते!"

नागोबानं मान तिरकी केली. उंदीर कधी असं बोलला नव्हता त्याच्याशी. उंदीर नुसते पळायचे.

मग नागोबानं फणा मिटला. तोंड उघडलं. मच मच मच. अर्धी पातोळी खाल्ली आणि थांबला.

"उरलेली?" टिकलीनं विचारलं. तिला धाकधूक वाटली. आवडली नाही की काय?

"उरलेली तुझी," नागोबा म्हणाला. "जी करते, तिचा अर्धा वाटा. जा. वर्षभर मी बिळाकडे फिरकणार नाही. आणि पुढच्या वर्षी पातोळी तूच आण."

टिकली वारुळापाशीच बसली आणि खाऊ लागली. मच मच मच. गोड गोड! बोटंसुद्धा चाटली. चाटून झाल्यावर पुन्हा एकदा चाटली. मग बिळात गेली. नागोबा जेवला होता. पाच गुलाबी बाळं आईच्या कुशीत गाढ निजली होती.

आता टिकली मोठी झालीय. तिची पिल्लं विचारतात, "आई, तुझी पहिली पातोळी छान झाली होती?"

"छान कुठली! वाकडी, फुटकी!"

"मग नागोबानं खाल्ली कशी?"

"खाईल नाही तर काय! मी केली होती."

असं म्हणते आणि हळदीचं पान धुते. दगडावर ठेवते. आणि पानावर आधी ठेवते एक गोटा. वारा येतो, गोट्याकडे बघतो आणि गुपचूप निघून जातो.

गोष्ट शिजली, वाफ निघाली,
ज्यानं ऐकली, त्याला पातोळी मिळाली!