वाळलेली कणिक

"किती दिवस झाले ही कणिक लावून?"

"आठ."

"आणि काढली नाहीस?"

"मुद्दामच नाही काढली, बुवा. रोज मळायची, रोज थापायची, रोज खरवडायची... एवढा वेळ माझ्याकडे नसतो. म्हटलं, लावूनच ठेवावी. सवड मिळाली की लगेच वाजवता येईल."

"मग वाजवलास?"

"...नाही."

तुळशीराम बुवांनी पखवाज मांडीवर आडवा घेतला. त्याच्या डाव्या पुडीवर, म्हणजे त्या तोंडाच्या चामड्यावर, ओली कणिक थापली की आवाज खोल निघतो. वाजवायच्या आधी लावायची, वाजवून झालं की काढायची. मठात शिकायला आलेल्या प्रत्येकाला बुवा पहिल्या दिवशी हेच सांगत.

त्यांनी कणकेवर नख मारलं. ते टक् करून वाजलं.

"शनिवारी भजनाला तू बसणार होतीस," बुवा म्हणाले.

"नाही जमणार. तेच सांगायला आले. पखवाज परत घ्या."

ज्ञानदा दहावीत होती. वर्गात ती फारशी बोलत नसे. बोलायची ती इथेच, मठाच्या ओसरीवर, तेही बुवांनी विचारलं तरच. तिचे वडील पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करत. आताशा दुपारनंतर ते एसटी स्टँडच्या बाकावर असत. आईला दोन वर्षांपासून वाटे की नळाच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतं. जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिच्या गोळ्या येत. गाव एवढंसं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ज्ञानदा किराणा दुकानात शिरली की तिथलं बोलणं पावसापाण्यावर येई.

"का नाही जमणार?"

"मी नसले की घर चालत नाही."

हे म्हणताना तिची मान जरा ताठ झाली.

"आणि तू असलीस की चालतं?"



बुवांनी पंच्याचं टोक तांब्यात बुडवलं, पिळलं, आणि वाळक्या कणकेवर पसरून ठेवलं. मग भिंतीला टेकून बसले.

"काय काय करतेस, सांग तरी."

"बाबांच्या बाटल्या शोधते. टाकीमागे असतात. एकदा पिठाच्या डब्यात होती. सापडली की मोरीत ओतते."

"मग?"

"मग ते दुसरी आणतात."

"हं."

"फाटकाची कडी कशी वाजली त्यावरून मला कळतं, किती झालीय ते. मी आधीच ताट वाढून ठेवते, म्हणजे वाद नको. आई गोळी जिभेखाली लपवते. मी तिला तोंड उघडायला लावते."

"दुसरं कुणी नाही गोळी द्यायला?"

"शेजारच्या पुष्पाकाकी म्हणाल्या होत्या, मी बसत जाईन म्हणून. मीच नको म्हटलं. आईला दुसऱ्याच्या हातची चालत नाही."

"काकींनी देऊन बघितली?"

ज्ञानदा बोटानं फरशीची फट खरवडू लागली.

"देऊन बघितली का, विचारतोय."

"नाही."

बुवांनी पंचा उचलला. कणिक कडेनं मऊ झाली होती. त्यांनी ती हळूहळू सोडवली. खाली पुडी आक्रसली होती, आणि कडेला केसाएवढी चीर होती.

ज्ञानदाचं तोंड उतरलं. "मी तर आठ दिवस हातही लावला नाही, बुवा."

"तू नाही लावलास. कणिक होती ना लागलेली."

"आता फुकट गेला का हा?"

"नाही. पण ही चीर राहील. वाजेल तसाच."

ती चिरेवरून बोट फिरवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "बुवा... बाबांची सुटेल का?"

"माझ्या भावाची नाही सुटली."

"मी आणखी काही केलं तर?"

"मीही आणखी बरंच केलं होतं."

"मग?"

"मग तो पीत राहिला आणि मी वाजवत राहिलो."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. वाईटही वाटलं, वाजवलंही."

बुवांनी कणकेची परात तिच्याकडे सरकवली. "मळ."

तिनं मळली. डाव्या पुडीवर थापली, आवाज ऐकत थोडी काढली, पुन्हा थोडी लावली. मग वाजवायला बसली. आधी हात अडखळला. थोड्या वेळानं ठेका जमला, आणि खालचा आवाज ओसरीच्या फरशीतून बुवांच्या पायाला लागला. त्यांनी डोळे मिटले.

तिचा फोन वाजला. स्टँडवरचे चहावाले रज्जाकभाई होते. "बेटा, पप्पा बाकावर आडवे झालेत. घाबरू नको, सावकाश ये."

ती ताडकन उठली. चपलेत पायही घातला.

"पडलेत?" बुवांनी विचारलं.

"नाही. बाकावरच आहेत. रोजच्यासारखे."

"शुद्धीत?"

"रज्जाकभाईंशी भांडताहेत. मागे ऐकू येत होतं."

"मग बाक कुठे पळून जात नाही. कणिक."

ती क्षणभर दारातच उभी राहिली... एक चप्पल पायात, एक बाहेर.

मग आत आली. खाली बसली. पुडीवरची कणिक काढली, कडेकडेनं, चीर सांभाळून. ओल्या फडक्यानं पुडी पुसली, मग कोरड्यानं. कणकेचा गोळा चिमण्यांसाठी कठड्यावर ठेवला. पखवाज आणताना आईच्या जुन्या साडीत गुंडाळला होता, तसाच पुन्हा गुंडाळला आणि खांद्याला लावला.



"शनिवारचं पुष्पाकाकींना विचारते," ती म्हणाली. "हो म्हणाल्या तर येते."

"बरं."

"आता जाऊ? सगळी काढली."

बुवांनी पखवाजाकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत पांढरं लागलेलं होतं आणि वाळू लागलं होतं.

त्यांनी तांब्या उचलला आणि ओसरीच्या कडेला येऊन पाण्याची धार धरली.

"आणि हाताची?"